सर, हे आतून कसं फिरतं?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आधी माझी चूक कबूल करतो, मग बाकीचं बोलतो.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून थर्माकोलची पवनचक्की केली. मोटर मीच बसवली, रंगही मीच दिला. चौथीतल्या एका मुलाला शेजारी उभं केलं आणि त्याच्याकडून दहा वाक्यं पाठ करून घेतली. बक्षीस मिळालं. नवापूरहून पाड्याकडे परतताना जीपमध्ये, मांडीवर मॉडेल घेऊन बसलेल्या त्या पोराने हळूच विचारलं, "सर, हे आतून कसं फिरतं?"

प्रमाणपत्र अजून ऑफिसात टांगलेलं आहे. मला ते बघवत नाही.

आपल्याकडे कार्यानुभव हा विषय पहिलीपासून आहे, त्याला श्रेणीसुद्धा द्यावी लागते. पण वेळापत्रकातला तो तास बहुतेक वेळा गणित खातं किंवा आम्ही माहिती भरत बसतो. फार तर कागदाची फुलं होतात. सर करतात तसं मुलं करतात. चाळीस फुलं, सगळी एकसारखी. त्यात हात चालतो, डोकं बसून असतं.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने यावर वेगळं काम केलंय. तिथल्या अभ्यासकांनी शहरी आणि ग्रामीण शाळांतल्या सहावीच्या आसपासच्या मुलांना पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की, बाहुल्या असल्या वस्तू करायला दिल्या. पण आयता नमुना दिला नाही. आधी गरज समजून घ्या, चित्र काढा, माप लिहा, सामानाची यादी करा, मग करा, आणि शेवटी स्वतःच तपासा. हे वाचलं तेव्हा वाटलं, आपल्या चौथीला का नको?

गेल्या पावसाळ्यात सुरुवात केली. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पोरं पाड्यावरून चालत येतात, दप्तर भिजतं, जुलै संपेपर्यंत पुस्तकाचा लगदा होतो. मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: पुस्तकं कोरडी राहतील असं काहीतरी करा. खर्च शून्य.

पाच गट झाले. युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन आणल्या, जुने रेनकोट आणले, एकाने आजोबांचं मोडकं इरलं उचलून आणलं. परीक्षा सोपी ठेवली. आत जुना पेपर ठेवायचा, झारीने वरून पाणी ओतायचं आणि साठपर्यंत मोजायचं. पहिल्या दिवशी पाचही पेपर भिजले.

वर्गात एक मुलगी आहे. घरी मावची बोलते, वर्गात जवळजवळ गप्प असते. माझ्या नोंदवहीत तिच्यापुढे 'अप्रगत' असं मीच लिहिलं होतं. तिने ओली गोणी उलटी करून बघितली आणि शिवणीवर बोट ठेवलं. सुईच्या भोकांतून पाणी येत होतं. म्हणाली, "सर, घरावर कौल कसं? वरचं खालच्यावर." दुसऱ्या दिवशी तिच्या गटाने वरचा पदर लांब ठेवून शिवणीवर दुमडला आणि तोंडाला बांबूची पट्टी वाकवून बसवली. पट्टी ओल्या बांबूची घेतली. वाळका मोडतो हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.

साठ मोजून झाले. पेपर कोरडा.

आता खरी अडचण सांगतो. पालकसभेत तिचे वडील उभे राहिले. म्हणाले, "सर, बांबू आम्ही घरी शिकवतो. पोरीला लिहायला-वाचायला पाठवलंय."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हापासून हा प्रश्न आहेच: हाताचं काम गरिबाच्या पोराने शिकायचं आणि पुस्तक दुसऱ्याच्या पोराने, असं तर होणार नाही ना? आदिवासी बापाला ही भीती जास्तच वाटणार. आमची पोरं बांबू घेऊन बसली की ती मजुरी, आणि शहरात फी भरून तसंच काही केलं की ते तंत्रज्ञान.

मी तिची वही त्यांच्या हातात दिली. त्यात सेंटिमीटरच्या मापासह चित्र होतं, काय बिघडलं ते होतं, काय बदललं ते होतं. अकरा ओळी. तिने तोवर एवढं मराठी कधीच लिहिलं नव्हतं. त्यांनी तिलाच वाचायला लावलं. अडखळत तिने सगळं वाचलं. ते बराच वेळ चित्र बघत राहिले. "ही तिरकी रेघ कशाची?" "पावसाची," ती म्हणाली.

जाताना म्हणाले, "चालेल. पण पाढेबी पाहिजेत." बरोबर आहे. पाढेही पाहिजेत.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि करत करत शिकणं माध्यमिक शाळांपर्यंत नेलं. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबही सहावीपासून पुढे आहेत. पहिली ते पाचवीचं काय? त्यांना लॅब नको. आठवड्याला दोन तास, गावातलं सामान, आणि चुकायची परवानगी एवढं पुरे. 'आनंददायी शनिवार' आहेच, त्यातलेच दोन तास द्या. सुतार, गवंडी, बांबूकाम करणारी माणसं पाड्यावरच आहेत. त्यांना वर्गात बोलवा, खुर्ची द्या, शक्य तिथे मानधनही द्या.

आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, एक विनंती. यंदा प्रदर्शनाला मुलांनी केलेलंच मॉडेल पाठवू या. वाकडं असलं तरी चालेल. परीक्षकांनीही मुलाला एवढंच विचारावं, पहिल्यांदा काय बिघडलं होतं?

माझ्या त्या पवनचक्कीजवळ हे विचारलं असतं, तर पोराला उत्तर देता आलं नसतं. रात्री दोनपर्यंत जे बिघडलं, ते फक्त मला माहीत होतं.

तुमच्या शाळेत, तुमच्या पाड्यावर काय चालतं? खाली लिहा. मी प्रत्येकाचं वाचतो.