शोध ज्याचा त्याचा

बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांचे पालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : मुलाने स्वतंत्र संशोधन-प्रकल्प केला, तर नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळण्यास त्याचा उपयोग होतो काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सरळ नाही. वैद्यकीसाठी ‘नीट’ आणि आयआयटीसाठी ‘जेईई’ या परीक्षांतील गुणांवरच आपल्याकडे प्रवेश ठरतो. तेथे प्रकल्पाला एक गुणही मिळत नाही. अमेरिकेतील अनेक मोठी विद्यापीठे मात्र गुणपत्रिकेबरोबर विद्यार्थ्याचा निबंध, शिफारसपत्रे आणि त्याने शाळेबाहेर केलेले कामही पाहतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अध्यापक तर स्वतः मुलाखत घेतात. अशा ठिकाणी स्वतः केलेला शोध बोलू लागतो.

आणि जेथे मागणी, तेथे बाजार! पैसे मोजले की तयार विषय, तयार आकडे आणि वर मुलाचे नाव, असाही व्यवहार चालतो. अशा वेळी मला आमच्या वऱ्हाडातील रिद्धपूर आठवते.

मोर्शी तालुक्यातील या गावी सुमारे १२७८ साली म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. म्हाइंभट मोठे शास्त्री. परंतु चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहावयाच्या, तर पोथ्यांतील पांडित्य अपुरे, हे त्यांनी ओळखले. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते, त्यांना गाठून त्यांनी एकेक आठवण विचारून घेतली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा जुळविला, तेव्हा एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठही जपले गेले. सोयीचा तेवढा ठेवून बाकीचे पुसले गेले नाहीत. संशोधनाची याहून चांगली शाळा कोणती?

माझी भाची याच तालुक्यात वाढली. हा संत्र्यांचा मुलूख; येथे पाणी दरवर्षी खोल जाते. अकरावीच्या सुट्टीत तिने दोरी आणि दगड घेऊन आसपासच्या एकतीस विहिरी मोजल्या. ठिबक सिंचन असलेल्या बागांतील विहिरींना पाणी अधिक असेल, अशी तिची अटकळ होती. सहा विहिरी मात्र उलटेच सांगत होत्या. शुल्क घेऊन मार्गदर्शन करणाऱ्या एका गृहस्थांनी त्या सहा गाळण्याचा सल्ला दिला. ती मला म्हणाली, ‘‘मामा, त्या मी स्वतः मोजल्या आहेत. त्या वगळल्या, तर उरलेल्या पंचवीसांवर तरी कोण विश्वास ठेवील?’’

ती पुन्हा त्या शेतकऱ्यांकडे गेली. तेव्हा उलगडा झाला : ठिबकने वाचलेल्या पाण्यावर त्यांनी आणखी झाडे लावली होती! बचत झाली होती. पण ती विहिरीत उरली नव्हती.

परदेशातील ज्या विद्यापीठाकडे तिने अर्ज केला, त्याने तिला नाकारले. आपल्याच देशातील दुसऱ्या एका विद्यापीठाच्या मुलाखतीत मात्र परीक्षकांनी नेमके त्या सहा विहिरींवर बोट ठेवले, आणि ती सांगत राहिली, कारण सांगण्यासारखे तिच्याजवळ होते. तिला तेथे प्रवेश मिळाला. विकत घेतलेला प्रकल्प पहिल्याच ‘का?’पाशी मुका होतो.

नव्या चार वर्षांच्या पदवीतही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग खुला ठेवला आहे. तेव्हा ही सवय परदेशी जाणाऱ्यांपुरती राहिलेली नाही.

पालकांनो, यासाठी प्रयोगशाळा लागत नाही आणि मोठी फीही लागत नाही. आजीच्या तोंडची गाणी, धर्मग्रामातील जुन्या नोंदवह्या, गावचा ओढा, घरामागची विहीर यांपैकी काहीही पुरते. मुलाला प्रश्न त्याचा त्याला निवडू द्या. तो चुकीच्या वाटेने गेला, तर त्याला थोडे चालू द्या. आणि आकडे मनासारखे आले नाहीत, तर ते तसेच लिहून ठेवण्याचे धैर्य त्याला घरातूनच मिळू द्या. प्रवेश मिळो वा न मिळो, हे धैर्य त्याला जन्मभर पुरेल.