जांभळा उजेड आणि हरमलची मिरची

आमच्या घरात मिरचीचं बी बाजारातून आणायची पद्धत नाही. सासूबाई दर वर्षी पिकलेल्या मिरच्यांतल्या चांगल्या तेवढ्या निवडतात, बी काढून सुकवतात आणि राखेत घालून बाटलीत ठेवतात. ही हरमलची मिरची. पेडणे तालुक्यातल्या या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा "सरकाराक आत्ता कळला," एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या.

भात कापून झालं की मिरची लावायची, म्हणजे रोपं त्याआधी तयार हवीत. माझ्या माहेरी, खानापूरकडं, मिरचीच्या रोपांना तरू म्हणतात. कन्नड घरातून आलेली माझी आई अगी म्हणते. नाव काहीही असो, पावसापुढे त्यांचं चालत नाही. दोन वर्षं ओळीनं परतीच्या पावसानं वाफ्यातली रोपं कुजली. मिरचीच नाही, तर नवं बी कुठलं? बाटलीच्या तळाशी शे-दीडशे बिया उरल्या होत्या. सासूबाईंना आता वाकवत नाही. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता तू बघ."

मी ठरवलं, या खेपेला रोपं पडवीत करायची. पण पावसाळ्यातली आमची पडवी म्हणजे भरदुपारी संध्याकाळ. कॉलेजात जाणाऱ्या लेकानं लगेच उपाय शोधला. रोपांसाठी खास एलईडी दिवा मिळतो म्हणे. खोक्यावर लिहिलेलं, '१००० वॅट, फुल स्पेक्ट्रम, सूर्यासारखा प्रकाश'. निम्म्या बिया पेरल्या, उगवल्यावर दिवा टांगला आणि आमची पडवी जांभळी झाली. रस्त्यानं जाणारे येणारे वाकून बघायचे. सोबतच्या कागदावर दिवा दोन फूट उंच ठेवा असं होतं, तसा ठेवला.

आठवडा-दहा दिवसांत रोपं उंच झाली. मी खूश. सासूबाई भिंतीला धरून आल्या आणि म्हणाल्या, "गो, ही सुतासारकी कित्याक झाली?" मला काही वावगं दिसलं नव्हतं. दिसणार कसं? जांभळ्या उजेडात सगळी पानं काळपटच दिसत होती. एका दुपारी वीज गेली, तेव्हा बॅटरीच्या पांढऱ्या उजेडात मी पहिल्यांदा रोपं नीट बघितली. पानं पिवळी पडली होती आणि देठ मातीजवळ तपकिरी होऊन पिचले होते. चार दिवसांत सगळी आडवी झाली. उरलेल्या बियांची बाटली मी कपाटात कुलपात ठेवली. खरंच, दागिन्यांशेजारी.

माहेरी जाताना आमची वाट चोरला घाटातून, त्यामुळे डिचोलीला नणंदेकडे थांबणं ठरलेलं. तिचे यजमान एका खाणीच्या वर्कशॉपात विजेचं काम बघायचे. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यापासून घरीच आहेत. मी दिवा पिशवीत घालून नेला होता. त्यांनी खोकं वाचलं आणि हसले. "वहिनी, हा हजार वॅट खातो की नाही, ते आपला मीटरच सांगेल."

त्यांनी घरातलं सगळं बंद केलं, अगदी फ्रीजसुद्धा, आणि फक्त तो दिवा लावला. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. शेजारी लिहिलेलं असतं, एका युनिटला ३२०० वेळा. (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, वाचून घ्या.) दहा मिनिटांत ठिपका ३५ वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला २१०. त्याला ३२०० नं भागलं की येतं युनिटचा पंधरावा हिस्सा, साधारण ६५ वॅट! मग हजार कुठून आले? आतल्या एकेका चिपची जास्तीत जास्त ताकद धरून केलेली ही बेरीज, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात त्या चिप एवढ्या जोरात कधीच चालवत नाहीत. हा हिशेब मी फोनवर आईला सांगितला, तर ती एवढंच म्हणाली, "एल्ला सुळ्ळु."

सगळंच खोटं नव्हतं, हेही सांगायला हवं. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं, आणि जांभळा दिवा त्यावरच बेतलेला असतो. पण १९७२ मध्ये मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञानं २२ प्रकारच्या वनस्पतींवर केलेली मोजणी प्रसिद्ध केली. तीत दिसलं की हिरवा प्रकाशही पिकं बऱ्यापैकी वापरतात. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच उजेड त्यांच्या उपयोगाचा. तेव्हा साधा पांढरा एलईडीही चालतो, आणि त्यात रोग दिसतो ही वरकड. आमच्या खोक्यावर ७३० चाही आकडा होता. तो दूरचा लाल प्रकाश. तो रोपांना उंच ताणतो. सुतासारखी होण्यात त्याचा थोडा हात असावा, पण मुख्य दोष अपुऱ्या उजेडाचा. हजार वॅटच्या हिशेबानं दोन फूट उंच टांगलेला पासष्ट वॅटचा दिवा रोपांपर्यंत किती पोचणार?

दिव्याची ताकद ल्यूमेनमध्ये सांगतात, पण ते माप माणसाच्या डोळ्याचं. पिकासाठी बघायचं ते प्रकाशकणांचं माप, मायक्रोमोल. चांगला दिवा एका वॅटमागे सेकंदाला दोन-अडीच मायक्रोमोल देतो. विक्रेता हा आकडा सांगत नसेल, किंवा किती उंचीवर मोजला ते सांगत नसेल, तर भाऊजींचा सल्ला एकच, पैसे खिशात ठेवा.

परत आल्यावर मी २० वॅटच्या तीन पांढऱ्या ट्यूब आणल्या, घरात लावतात त्याच. तिन्ही मिळून त्या जांभळ्या दिव्याच्या निम्म्या किमतीतही बसल्या नाहीत, त्याहून खालीच. रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगल्या. मोबाइलच्या उजेड मोजणाऱ्या अॅपवर मधोमध १२ हजार लक्स दिसले. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ७० नं भागलं की मायक्रोमोलचा अंदाज येतो, म्हणजे १७० च्या आसपास. मिरचीच्या तरूला एवढं पुरतं. (जांभळ्या दिव्याला हा भागाकार लागू नाही.) दिवसाला सोळा तास, वीज जेमतेम एक युनिट. कडेला उजेड कमी पडतो म्हणून ट्रे रोज फिरवायचे, रोपं वाढतील तशा ट्यूब वर सरकवायच्या.

कन्नडात उजेडाला बेळकु आणि पिकाला बेळे. लहानपणापासून दोन्ही शब्द तोंडात होते, पण इतके शेजारी शेजारी आहेत हे त्या पडवीत बसून कळलं.

कुलपातल्या बियांपैकी एकेचाळीस रोपं तरली. बुटकी, जाड देठाची. नोव्हेंबरच्या अखेरीस ती शेतात लावली, तेव्हा सासूबाई बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मोठ्यानं मोजत होत्या. पहिल्या तोडीच्या मिरच्या त्यांनी कुणालाच खाऊ दिल्या नाहीत. बाटली धुऊन उन्हात वाळत ठेवली आणि मला चुलीतली राख चाळायला सांगितली.

जांभळा दिवा नणंदेनं मागून नेला. चवथीला माटोळीखाली फार छान दिसतो म्हणे.