जुन्या पेटीची पारख

मनुष्याची परीक्षा बोलण्यावरून करावी. पेटीची मात्र पोट उघडून! हल्ली जुन्या पेट्या घरबसल्या मोबाइलवर विकत मिळतात. विकणारा आजोबांची आठवण आणि ‘पॅरिसचे सूर’ एकाच किमतीत देऊ करतो. परंतु बाहेरचे नाव व आतले सूर यांचे गोत्र एक असेलच असे नाही. म्हणून मी प्रथम उघड्या पेटीचे छायाचित्र मागवितो. सुराच्या पितळी जिभेचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. दोन्हीकडे कानशीचे व्रण दाट असल्यास तिचे आयुष्य थोडेच समजावे. पेटी हाती आल्यावर भाता भरून स्वस्थ बसावे. पट्टीला बोट न लावता तो लगेच बसला, तर कोठेतरी हवा गळते आहे. आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत हा रोग फार.

नभोवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हावयास १९७१ उजाडले. तेवढा काळ कोकणातल्या भजनी मंडळींनी तिला देवळात मानाने बसविले, ती बहुधा स्वस्तातलीच होती. म्हणून पालिताण्याच्या साध्या सुरांची पेटी मी हिणवीत नाही. कपाटात मिरवावयाची असेल तर नावाचे मोल द्यावे. गळ्याला सोबत हवी असेल तर सुराचे.