शाहपूरच्या रस्त्यावर आडवा

बुऱ्हाणपुरात सायकलचा सांगाडा करून घ्यायला लांब जावं लागत नाही. पॉवरलूममुळे गल्लोगल्ली वेल्डिंगवाले आहेत. मिस्त्रीभाईंनी दोन भंगार सायकली कापून माझी आडवी सायकल जोडली. पुढचं चाक लहान मुलाच्या सायकलचं, पायडल त्याच्याही पुढे, तीन चेन जोडून केलेली एक लांबलचक चेन आणि ती लोंबू नये म्हणून मधे पुली. टेकायला नवार विणली. काळा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "भैया, इसपे बैठना है या लेटना?"

लेटनाच. शाहपूरकडे आमचा केळीचा मळा आहे. तापीचा पूल ओलांडला की रस्ता उघडा पडतो आणि मे महिन्यात दुपारी पश्चिमेचा वारा साध्या सायकलला जागेवर धरून ठेवतो. सपाटीवर ताशी 20 किलोमीटरच्या पुढे निम्म्याहून जास्त जोर हवा बाजूला सारण्यातच जातो. वेग दुप्पट करायचा तर हवेपायी लागणारी ताकद आठपट होते. उताणं टेकून पाय पुढे केले की वाऱ्याच्या तावडीत अंग कमी सापडतं.

हे काही माझं डोकं नाही. 1933 साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर हा काही पहिल्या फळीतला गडी नसताना शार्ल मोशेच्या अशाच सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर गेला आणि 1914 पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने असल्या सायकली शर्यतींतून बाद केल्या. ताठ बसणाऱ्यांचं बहुमत होतं, दुसरं काय!

पुलाच्या उतारावरून पायडल न मारता दोन्ही सायकली सोडून पाहिल्या. आडवी वजनाला भारी, म्हणून साध्या सायकलच्या कॅरिअरला पाण्याचा कॅन बांधला. पहाटे वारा पडलेला असताना आडवी थोडीच पुढे गेली. संध्याकाळी समोरून वारा असताना साधी कधीच थांबली होती आणि मी अजून घरंगळतच होतो. कडेने चाललेल्या आजोबांनी हाक मारली, "काय भाऊ, पडले का झोपले?"

खरी गंमत मळ्यांपाशी आहे. वाऱ्याने केळी आडवी होऊ नये म्हणून शेतकरी बांधाला शेवरी लावतात. दाट शेवरीच्या आडोशाला साधी सायकलही खुशाल पळते आणि माझ्या सायकलचा तोरा उतरतो. शेवरी संपली की पुन्हा फरक कळतो. तिथे केळीचे ट्रक अगदी डोक्यावरून गेल्यासारखे जातात. सायकलमागे वेळूच्या काठीला लाल फडकं बांधलंय ते त्यासाठीच.

असीरगडाकडच्या चढावर मात्र ही सायकल मी नेत नाही. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो वजन 100 मीटर चढवायचं तर शरीराच्या साधारण 95 किलोकॅलरी जातात, मग तुम्ही बसा नाहीतर झोपा. चढावर वेग कमी, त्यामुळे हवेत वाचण्यासारखं काही उरत नाही. शिवाय पायडलवर उभं राहून जोर लावायचीही सोय नाही.

मिस्त्रीभाईंना आता हिला फ्लेक्सचं पूर्ण कवच चढवायचंय. अमेरिकेत नेवाडातल्या सपाट रस्त्यावर 2016 मध्ये टॉड रायकर्टने बंद कवचातल्या आडव्या सायकलवर ताशी 144.17 किलोमीटरचा वेग गाठला, हे मीच त्यांना सांगून बसलो. पण ती काही मिनिटांची धाव. खाल्लेल्यातला जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोचतो, बाकीच्याची उष्णता होते. मेमधल्या आपल्या उन्हात जो वारा दम काढतो, तोच घामही सुकवतो. कवचात कोंडून घेतलं तर जोर वाचेल, मी मात्र उकडून निघेन. तेव्हा सध्या फक्त पायांपुढे एक छोटा पडदा लावायचं ठरलंय, तोही दोन बोल्ट सैल केले की निघेल असा. पूर्ण कवचाचं दिवाळीनंतर पाहू, असं त्यांना सांगितलंय. त्यांनी माप मात्र आत्ताच घेऊन ठेवलंय.