सरका की जरा

आमच्या गल्लीत रोजच्या मोटारी बाहेर बर्फ खात उभ्या असतात आणि गॅरेजच्या उबेत एखादी पन्नास वर्षांपूर्वीची गाडी मुक्कामाला असते. डेट्रॉइटच्या उपनगरांत हे सर्रास दिसतं. आयुष्यभर कारखान्यात गाड्या जोडलेली माणसं निवृत्त झाली की घरी आणखी एक जोडायला घेतात. आमचे शेजारी त्यातलेच. त्यांच्याकडे 1971 सालचा शेवरले सी-टेन पिकअप आहे. इंजिन त्यांनी स्वतः उतरवलं, रंग दिला, वायरिंग बदललं. राहिली होती फक्त सीट. या दारापासून त्या दारापर्यंत सलग, तिघांची.

मी सीटच्या कंपनीत नोकरीला आहे हे त्यांना ठाऊक, म्हणून मला हाक मारली. कंपनी सीट बनवते म्हणजे मी सीट बनवतो असं नाही, हे कुणाला पटवणार? मी स्क्रीनवर सीटच्या सांगाड्यावर जोर लावतो आणि तो कुठे वाकतो ते रंगांत बघतो. या शहरात हा धंदा मोठा आहे. लिअर ही सीटवाली बडी कंपनी 1917 मध्ये इथेच वेगळ्या नावाने सुरू झाली, आज तिचं मुख्य ऑफिस साउथफील्डला आहे. पुण्याहून येऊन सीटच्या धंद्यात शिरलेली मराठी माणसं इतकी, की मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत फोम किती दाबला जावा यावर वाद ऐकू येतात. पण हातात दाभण धरलेला त्यात कुणी नाही. मीही नव्हतो.

सीटा हाताने होताना मी पाहिल्यात त्या नातेपुत्याला. स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये एक कुशनवाला बसायचा. पुढ्यात शिलाई मशीन, बाजूला काथ्याचा ढीग, सोल्युशनचा डबा, आणि भिंतीला टेकून जीपच्या उघड्या-बोडक्या सीटा. आषाढीच्या तोंडावर त्याला मान वर करायला फुरसत नसे. माउलींची पालखी फलटण-बरड करत नातेपुत्याला मुक्कामाला येणार, दिंड्यांचे ट्रक त्याआधीच आळंदीला जाणार, मग ड्रायव्हरची सीट आत्ताच नीट व्हायला हवी. ते सरलं की उसाचा हंगाम. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी ट्रकवाले आणि ट्रॅक्टरवाले रांगेत. त्याची दुरुस्ती ठरलेली होती. जुनं रेक्झिन काढायचं नाही. फाटलं तिथे भर घालायची आणि वरून नवं रेक्झिन ओढून खालून दाबायचं. आमच्या आप्पांच्या जीपची सीट अशी वर्षावर्षाला जाड होत गेली. शेवटी तर आप्पांना काचेतून रस्ता दिसावा म्हणून मान खाली घालावी लागे.

आप्पा, म्हणजे माझे चुलते, वडाप करायचे. नातेपुते-अकलूज ही रोजची फेरी, चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला वरची. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार माणसं हा किमान हिशेब. पाचवा आला की आप्पा दाराबाहेर सरकायचे, एक पाय आत, एक कुल्ला हवेत, आणि तरी मागे वळून म्हणायचे, "सरका की जरा, आजून एक बसतंय." गिअरचा दांडा मधल्या माणसाच्या दोन गुडघ्यांत. दुसरा गिअर टाकताना त्याने पाय फाकवायचे आणि चौथा टाकताना पोट आत घ्यायचं, हे सगळ्यांना न सांगता कळायचं.

तर शेवरलेची सीट. ती गाडीतून बाहेर काढायला चार बोल्ट, एवढंच पुस्तकात लिहिलेलं असतं. मिशिगनमधले बोल्ट मात्र पुस्तक वाचत नाहीत. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. या शहराच्या पोटातच, सुमारे 350 मीटर खोल, मिठाची अवाढव्य खाण आहे, त्यामुळे मिठाला तोटा नाही. बुटाला लागून ते केबिनमध्ये येतं आणि वर्षानुवर्षं तळाचं लोखंड खातं. दोन बोल्ट तेल पाजून सुटले, तिसरा मधेच मोडला, चौथा शेवटी ग्राइंडरने कापला. सीट उचलली तर पाठीमागे पेट्रोलची टाकी. 1972 पर्यंत शेवरलेच्या पिकअपला टाकी केबिनमध्येच, बसणाऱ्याच्या पाठीला लागून असे. जुन्या विलीज जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या बुडाखाली होती, तेव्हा मला नवल वाटलं नाही. शेजाऱ्यांनी मात्र ग्राइंडर चालवण्याआधी टाकीवर ओलं पोतं टाकलं होतं. कारखान्यातली सवय.

रेक्झिनच्या वर एक मेक्सिकन विणीचं पट्ट्यापट्ट्यांचं घोंगडं अंथरलेलं होतं. इथल्या जुन्या पिकअपमध्ये ते हमखास सापडतं. फाटकी सीट झाकायची, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा चटका बसू द्यायचा नाही आणि हिवाळ्यात दगडासारखं थंड लागू द्यायचं नाही, अशी तीन कामं एकात. आमच्याकडे याच कामाला जुनी गोधडी किंवा टर्किशचा टॉवेल. माळशिरस तालुक्यात मे महिन्यात अर्ध्या चड्डीवर उघड्या रेक्झिनवर जो बसला आहे त्याला अधिक सांगायला नको.

घोंगडं गेलं, मग रेक्झिन उतरवायचं. ते खालच्या बाजूने तारेच्या छोट्या कड्यांनी सांगाड्याला आवळलेलं असतं. मुळात डुकरांच्या नाकात घालायला निघालेल्या या कड्या सीटवाल्यांनी उचलल्या आणि अजून सोडलेल्या नाहीत. एकेक कडी कटरने तोडायची. जुनं कव्हर फेकायचं नाही, कितीही चिंध्या झाल्या तरी. शिवण ब्लेडने उसवून प्रत्येक तुकडा वेगळा करायचा, त्यावर खडूने डावा-उजवा, पुढचा-मागचा लिहायचं, कारण नव्याचं माप त्याच्यावरूनच घ्यायचं असतं. कव्हरखाली कापसाचा थर निघाला, ड्रायव्हरच्या बाजूला पापडासारखा चेपलेला. त्याखाली गोणपाट.

गोणपाट हातात आल्यावर मी जरा थांबलो. तपकिरी, ठिसूळ, बोटाने दाबलं की भुगा होणारं, पण वीण ओळखीची. एकोणिसाव्या शतकापासून कलकत्त्याच्या गिरण्यांचं गोणपाट अमेरिकेत येत होतं आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हाच देश होता. फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या आणि तागाची बरीचशी शेती पूर्व पाकिस्तानात गेली. ज्या वर्षी हा पिकअप कारखान्यातून बाहेर पडला, त्याच वर्षी त्या शेतांवर युद्ध चाललं होतं. या तुकड्यावर कुठल्या गिरणीचा शिक्का नव्हता, त्यामुळे पैज लावणार नाही. शेजाऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आम्ही लाइनवर असताना माल कुठून येतो ते कुणी सांगत नसे. वेळेवर आला की झालं."

स्प्रिंगांची कथा जास्त बोलकी. उजव्या बाजूच्या, म्हणजे इथे पाहुण्याच्या बाजूच्या, ठणठणीत. मधल्या तर जवळजवळ नव्या. डाव्या कडेची जाड तार मात्र तुटलेली आणि तिथल्या स्प्रिंगा खाली बसलेल्या. माणूस गाडीत चढता-उतरताना सगळा भार त्याच कडेवर टाकतो. म्हणजे या ट्रकमध्ये बहुतेक वेळ एकच माणूस बसला. आप्पांच्या जीपची सीट उघडली असती तर कोणाच्या बाजूची स्प्रिंग आधी मेली हे ठरवता आलं नसतं.

सांगाडा तारेच्या ब्रशने घासला, गंजावर लावायचं रसायन लावलं, काळा रंग दिला. तुटलेल्या तारेला वेल्डिंग करण्यापेक्षा नवी तार वाकवून बसवली, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाचा ताण मरतो. नवं गोणपाट, त्यावर फोम, त्यावर कापसाचा पातळ थर, आणि मग कव्हर. शिवून आणलेलं कव्हर आधी हीटरसमोर ऊब द्यायला ठेवलं, थंडीत रेक्झिन ताणलं तर तडकतं. मधून सुरुवात करायची आणि दोन्ही कडांकडे जायचं, एक कडी डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूने आवळत गेलं तर दुसऱ्या टोकाला चुणी जमते आणि ती मग काही केल्या जात नाही. कडी दाबणारी पक्कड दिवसभर चालवल्यावर दुसऱ्या दिवशी मला कीबोर्ड दाबवेना.

शेजाऱ्यांचा आग्रह एकच, कारखान्यातून निघाली होती तशी दिसली पाहिजे. रंगाची छटा तीच, शिवणीतलं अंतर तेच, पट्ट्यांची संख्या तीच. या आग्रहाबद्दल मला आदर आहे, पण पूर्ण पटत नाही. पन्नास वर्षं वापरलेली वस्तू पहिल्या दिवसासारखी करायची म्हणजे मधली वर्षं खरवडून काढायची. आमचा कुशनवाला जुन्यावर नवं चढवत गेला. त्यात दिसण्याचं काही नव्हतं, पण गाडी दुसऱ्या दिवशी फेरीला लागायची. अर्थात त्याला मुळात निवडायला दुसरं काही नव्हतंच, तेव्हा त्याच्या पद्धतीचं फार गुणगान मी तरी करणार नाही.

तीच गोष्ट सलग सीटची. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत पुढे ती होती आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, म्हणून मधल्याचे पाय मोकळे. ती टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. अमेरिकेत पुढे तिघांना बसवणारी शेवटची मोटार 2013 सालची इम्पाला. पिकअपमध्ये अजून मधली जागा मिळते, पण एरवी ती दुमडून हात टेकायला किंवा कॉफीचा पेला ठेवायला वापरतात. लोक हळहळतात. मला मात्र या सीटचे धोके पगार घेऊन माहीत आहेत. धडक झाली की मधल्या माणसाला काही आधार नसे. नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे व्हायला अमेरिकेतही 1968 उजाडलं. आणि आमचं वडाप? अर्धा बाहेर लटकणारा ड्रायव्हर आणि मागच्या फळीवर उभी माणसं. शिंगणापूरच्या घाटात तशा गाडीत मी बसलो आहे. आज माझ्या मुलीला बसू देणार नाही.

डेट्रॉइटमध्ये राहून आप्पांच्या जीपची आठवण येते त्याला आणखी एक कारण आहे. तिचं मूळ गाव इथून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर, ओहायोतलं टोलेडो. विलीज जीप तिथे बनायची आणि महिंद्राने 1947 मध्ये मुंबईत तिच्याच सुट्या भागांची जुळणी सुरू केली. टोलेडोने सोडून दिलेला तोंडवळा महिंद्राने पुढे कित्येक दशकं चालवला आणि 2018 मध्ये तो परत इकडे आणला. रॉक्सर नावाची गाडी इथल्या ऑबर्न हिल्समध्ये तयार होऊ लागली, रस्त्यावर नाही, शेता-रानात चालवायला. क्रायस्लरचं मुख्य ऑफिसही त्याच गावात. त्यांनी ही आमच्या जीपची नक्कल आहे म्हणून तक्रार केली, 2020 मध्ये निकाल महिंद्राविरुद्ध गेला आणि तिला तोंड बदलून घ्यावं लागलं. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भावकीतलाच वाद हाय की मग."

सीट तयार झाली त्या रात्री, म्हणजे नातेपुत्याच्या सकाळी, आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. पंच्याहत्तरी उलटली, जीप कधीच विकली, पण सीट म्हटल्यावर चष्मा पुसून बसले.

"आरं, काथ्या न्हाय घातला व्हय? फोम बसतोय खाली."

"हा चांगल्या घनतेचा आहे आप्पा, बसणार नाही."

"बरं. कितीजण बसत्यात?"

"तिघे."

"आणि ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर धरून तिघे."

आप्पा काही बोलले नाहीत. शेजाऱ्यांनी उत्सुकतेने विचारलं, काय म्हणतायत? आवडली म्हणतात, असं सांगून मी वेळ मारून नेली.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची वारी निघते, 1995 पासून. मैलोन् मैल गाड्या अगदी सावकाश चालतात आणि लोक कडेला खुर्च्या टाकून बघत बसतात. आम्ही तिघे गेलो. शेजारी चालवायला, त्यांच्या बाई दाराशी, मी मधे. नवी सीट मळू नये म्हणून मी घरून सोलापुरी चादर नेली होती, निळी-लाल. कारखान्यासारखं दिसायचा सगळा आग्रह तिथे संपला, कारण बाईंना ती फार आवडली आणि आता काढायची नाही असं ठरलंय. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या एकाने काच खाली करून विचारलं, हे कव्हर कुठल्या दुकानातून मागवलं? सोलापूरचं नाव मी दोनदा सांगितलं, त्याने फोनमध्ये कसं लिहून घेतलं देव जाणे. आप्पांना फोटो पाठवला. त्यांचं लक्ष चादरीकडे गेलंच नाही. उत्तर आलं, "मागचा हौदा मोकळाच हाय की रं."