सहीचे आयुष्य

विवाहाने जुळलेल्या साऱ्याच गोष्टी घटस्फोटाने सुटतात असे नाही. नाते सुटते, नात्याच्या भरवशावर केलेली सही मात्र मागे उरते. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीला याचा प्रत्यय आला. विभक्त होऊन तीन वर्षे लोटल्यावर, विवाहकाळातील एका वर्षाच्या प्राप्तिकराची मागणी व्याजदंडासह तिच्या नावे आली. पतीने व्यवसायातील उत्पन्न दडविले होते. विवरणपत्र त्यानेच तयार केले होते. हिचा वाटा सहीपुरता.

त्या देशात पतिपत्नींना एकत्र विवरणपत्र भरता येते. १९४८ साली दोघांचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरून कर आकारण्याची रीत आली आणि बहुतेक जोडप्यांना एकत्र भरणेच लाभाचे ठरू लागले. पण या सवलतीची किंमत १९३८ च्या कायद्यानेच सांगून ठेवली होती: दायित्व संयुक्त आणि पृथक्. म्हणजे सरकार सारी रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकते. 'मागील कर पतीने भरावा' असे घटस्फोटाच्या हुकुमात लिहिलेले असले, तरी सरकारला ते बंधनकारक नाही. पत्नीने आधी भरावे, मग पतीच्या मागे लागावे!

यावर उपाय नाही असे नव्हे. 'निर्दोष जोडीदारा'ला सूट देणारी तरतूद १९७१ साली झाली व १९९८ साली ती बरीच विस्तारली. चूक ठाऊक नव्हती व ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, असे दाखविल्यास सूट मिळू शकते. विभक्त झालेल्यांना थकबाकीची वाटणी मागता येते. आणि हे दोन्ही न जमल्यास केवळ न्यायबुद्धीला आवाहन करता येते. परंतु अर्जात शिक्षण किती, घरचे हिशेब कोण पाही, असे प्रश्न असतात. आणि पूर्वीच्या पतीलाही अर्जाची वर्दी देऊन त्याचे म्हणणे ऐकले जाते. ज्या माणसापासून दूर व्हायचे, त्याच्याच साक्षीने स्वतःचे अज्ञान सिद्ध करायचे. शिकल्यासवरल्या मुलीला हे कराहून जड वाटले, तर नवल नाही.

आपल्याकडे पतिपत्नींची आकारणी स्वतंत्र होते. गोव्यात समाईक मालमत्तेच्या जुन्या पोर्तुगीज कायद्यामुळे पगाराखेरीज अन्य उत्पन्न दोघांत समान वाटले जाते, तरी ज्याचे त्याचे विवरणपत्र वेगळेच. म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? घरासाठी काढलेल्या कर्जावर सहकर्जदार म्हणून आपल्या लेकीसुना सह्या करतात. आणि बँकेलाही घटस्फोटाचा हुकूम बांधीत नाही.

सप्तपदीची पावले मागे घेता येत नाहीत, असे आपले पूर्वज मानीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती मुभा दिली. सहीला ती नाही. 'इथे सही कर' असे घरात कोणी म्हटले, तर कागद हाती घेऊन स्वस्थपणे वाचावा, न समजेल ते विचारावे. विचारण्याने जो संसार मोडेल, तो न विचारल्याने टिकला असता असे मला वाटत नाही.