धाकटीचा कोलाडचा बेत



मंडळात बातमी फुटल्यापासून सगळ्या एकच विचारताहेत, “अहो, खरंच का तुमच्या जाऊबाई रबरी होडीतून नदीत जाणार?” खरं आहे. येत्या पौषात धाकटी कोलाडला राफ्टिंगला जाणार आहे. वय वर्षं एकसष्ट. बेत मी आखतेय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

दीर जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून धाकटीचं जग म्हणजे घर, मंदिर आणि दवाखाना. दिवाळीत मुलं टीव्हीवर काहीतरी बघत होती, त्यात नदीतली होडी आली. धाकटी हळूच म्हणाली, “अक्का, हे एकदा करायचं होतं आम्हा दोघांना. राहूनच गेलं.” दोन वर्षांत तिनं स्वतःसाठी काही बोलून दाखवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तिचा मुलगा मात्र लगेच म्हणाला, “काकू, आईला काही झालं तर?” आणि मंडळातली एक म्हणाली, “ह्या वयात, त्यातून असं झालेलं असताना, शोभतं का?”

शोभण्याचं उत्तर मी दिलं नाही. पण तिसरा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो मला छळत होता. आपण पाणी गाळून पितो. गाळण्यातले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात अलगद सोडतो. पाणी हीच ज्यांची काया, असे जीव आपण मानतो. मग हौसेसाठी नदी ढवळायची? आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन खणणं, पाण्याशी खेळणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं, उगाच भटकणं आणि दुसऱ्यालाही भटकवणं हे सगळं त्यात येतं. राफ्टिंगला यातली दोन-तीन कलमं सरळ लागू होतात.

विहार करत आलेल्या माताजींसमोर मी हे मांडलं. त्यांनी जा असंही म्हटलं नाही, जाऊ नका असंही नाही. एवढंच विचारलं, “कशासाठी? आणि किती?” घरी येऊन मी वही काढली. बी.कॉम. झालेल्या बाईला दोन रकाने आखल्याशिवाय सुचत नाही.

“कशासाठी” खाली लिहिलं: धाकटीसाठी. दोन वर्षं कोंडलेलं माणूस आपण होऊन बाहेर पडू म्हणतंय, हे मला विनाकारण वाटत नाही. हे माझं मत आहे, शास्त्राचा निवाडा नाही.

“किती” खाली मर्यादा लिहिल्या. आपलं दिग्व्रत हेच शिकवतं, की नदी, डोंगर, गाव यांची खूण ठेवून आपली हद्द ठरवायची. एकच फेरी, एकदाच. चातुर्मासात नाही. अष्टमी-चतुर्दशी टाळून. वाटेत थांबून पाण्यात उड्या मारायला देतात, ते नाही. फेरी संपल्यावर नऊ वेळा णमोकार म्हणून कायोत्सर्ग. श्वेतांबर परंपरेच्या आचारांगसूत्रात साधूंनी नावेत कसं चढावं, कसं बसावं याचे नियम आहेत. तिथं गरजेची गोष्ट आहे, हौसेची नाही. तरी पाण्यावर असताना सावध कसं राहावं, ते त्यातून शिकण्यासारखं आहे.

आता नदीविषयी. कोलाडची कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते आणि रोह्यावरून पुढे रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. घाटावर मुळशी धरणात अडवलेलं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज तयार झाली की ते पाणी पुढे कुंडलिकेत सोडतात, आणि त्या पाण्यावर सकाळी राफ्ट चालतात. म्हणजे पाणी आपल्यासाठी सोडत नाहीत आणि होडीला इंजिनही नसतं. खरं तर हे मुळेचं पाणी. अडवलं नसतं तर भीमेतून कृष्णेला मिळालं असतं आणि पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं. या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणासाठी. आपल्या घरातला दिवा लागतो त्यामागेही केवढा हिशोब असतो!

सांगलीहून आदल्या दिवशी पुण्याला लेकीकडे, आणि तिथून मुळशी-ताम्हिणी घाटानं कोलाड. पाणी किती वाजता सुटणार ते वीजघरावर अवलंबून, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करायची. पहाटे अंधारात घाट उतरण्यापेक्षा कोलाडलाच मुक्काम बरा. जेवण सूर्यास्ताआधी. तिथल्या स्वयंपाकात कांदा-बटाटा असणारच, म्हणून दशम्या, शेंगाची चटणी, खाकरे आणि गाळलेलं पाणी घरून. पौषात सूर्य उगवतो सातच्या सुमारास. त्यानंतर दोन घटका सोडून मगच न्याहारी, हे चालकांना आधीच सांगून ठेवलंय. धाकटीच्या रोजच्या दर्शनाच्या नियमात प्रवासाची सूट आहे. ज्यांच्या नाही, त्यांनी आधी महाराजांना विचारावं.

फोनवर मी चार ठिकाणी चौकशी केली. वयाची अट प्रत्येकाची वेगळी आहे, तेव्हा खरं वय सांगूनच नाव नोंदवा. हृदयविकार, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर जाऊ नये. नदीच्या जोराला एक ते सहा अशा श्रेणी असतात. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची. सुमारे बारा किलोमीटरची फेरी आणि दोन-अडीच तास. लाइफ जॅकेट घट्ट बांधलंय का आणि हेल्मेट डोक्यावर हलत नाही ना, हे स्वतः बघायचं. मार्गदर्शक सांगेल तेव्हाच वल्हं मारायचं. पाण्यात पडलंच तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे आणि वर. उभं राहायचा प्रयत्न अजिबात नाही, दगडात पाय अडकतो. दोरी फेकली तर हातानं धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही. शिवाय आपल्यासाठी एक जास्तीची सूचना: लाट आली की तोंड मिटायचं! बाकीचे ओरडतील, आपण णमोकार मनात म्हणायचा. अणगाळ पाणी पोटात जायला नको.

धाकटीच्या डॉक्टरांनी रक्तदाब, ईसीजी बघून होकार दिला. ती कागदं पाहिल्यावर तिचा मुलगाही तयार झाला. तो आणि माझी लेक तिच्या दोन बाजूंना बसतील. मला मात्र डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. चार वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी आहे. मी फेरी संपते तिथे कोरडे कपडे आणि डबा घेऊन थांबणार.

त्यावर एक मैत्रीण म्हणाली, “बरं झालं, तुम्ही तरी दोषातून सुटलात.” कशी सुटेन? करणं, करवणं आणि त्याला मनातून होकार देणं, तिन्ही आपल्या खात्यावर मांडली जातात. होडीत पाय न ठेवताही करवणारी मीच. ते मी माझ्या नावावर मांडून घेतलंय, आणि तरीही बेत रद्द केलेला नाही.

साडी चालत नाही, म्हणून धाकटीनं पटकन वाळणाऱ्या कापडाचा पंजाबी ड्रेस शिवायला टाकलाय. दोन वर्षांत पांढऱ्या-करड्याशिवाय तिनं काही घेतलं नव्हतं. दुकानात तिनं बराच वेळ निळ्या कापडावर हात फिरवला आणि मग तेच फाडायला सांगितलं.

जाऊन आल्यावर कळवीनच. जय जिनेंद्र.